जाग्यावरचा पिकअप

मी त्या माणसाला आयुष्यभर 'मालक' म्हणालो, कारण सगळेच म्हणायचे. कशाचा मालक, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. साखर कारखाना सभासदांचा. त्याचा बाप चेअरमन, तोही दारोदार मतं मागून झालेला. पण बाप चेअरमन झाला की पोरगा आपोआप मालक होतो, ही आमच्या सांगलीकडची तेव्हाची रीत, आणि ती आता बदलली असेल असं मला वाटत नाही. वयानं माझ्याच बरोबरीचा होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा. अंगात टेरिलिनचा शर्ट, बोटांत तीन अंगठ्या आणि मागं कायम चारपाच जण. त्यांना धंदा एकच, मालक हसले की हसायचं आणि मालक थुंकले की बाजूला सरकायचं.

मी सैन्यातनं परत आलेलो. सात वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपात काढली, मग एकदा जॅक सटकला, गुडघा गेला आणि मला घरी पाठवलं. पलूसच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून गॅरेज काढलं. काम येई ते विहिरीवरच्या डिझेल इंजिनांचं, नाहीतर ट्रॅक्टरचं. थोरला भाऊ, दादा, कारखान्यात गव्हाणीवर होता. गव्हाण म्हणजे गाडीतला ऊस जिथनं आत यंत्रात ओढला जातो ती जागा. पाचट अंगात रुतलेलं, हात चिरलेले, आठ-आठ तास उभं राहून मोळ्या ओढायच्या. बरं, एवढं करून तो सीझनचा कामगार. गाळप संपलं की घरी बस, दिवाळीच्या आसपास बोलावलं तर ये. सात सीझन असे गेले. कायम होण्याच्या यादीत त्याचं नाव दरवर्षी खाली सरकायचं, कारण वर दरवर्षी कुणाचा तरी भाचा यायचा.

दादाला एक मुलगी सांगून आली होती. साताऱ्याकडची, कराडच्या पुढं, कोयनेच्या काठच्या गावातली. आम्ही दोघं आणि आई बघायला गेलो. दादा जन्माचा अबोल. येताना एस.टी.त कराड गेलं, किर्लोस्करवाडीचा फाटा आला, तरी गप्प. मग एकदम म्हणाला, "मला पसंत हाय." एवढंच, पण त्या दिवसापासनं तो रोज दाढी करायला लागला.

मुलीचा बाप शर्यतीची बैलं पाळणारा. घरात पोरींना दूध मिळो न मिळो, बैलांना अंडी आणि उडदाचं पीठ चुकायचं नाही, असला माणूस. तो तोंडावर म्हणाला, "सीझनच्याला मी पोरगी देत न्हाई. सा म्हैनं घरात बसून खानार, तिला काय घालनार? कायम होऊन या, दुसऱ्या दिशी सुपारी फोडतो." आईनं लय विनवलं तेव्हा एवढी सवलत दिली, की गावच्या चैत्रातल्या आणखी दोन जत्रा होईपर्यंत पोरीला दुसरं स्थळ बघणार नाही. त्याच्या मनानं ही मोठीच मेहेरबानी होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झालेली. पेट्रोल इतकं महाग झालं होतं की गाडीवाले गाड्या झाकून ठेवायला लागले होते. नेमकी त्याच दिवसांत मालकानं साताऱ्यातनं गाडी आणली. विलायती, दोघंच बसतील अशी, बसकी, गडद हिरवी, वर कापडाचं छप्पर. एका निवृत्त मिलिटरी डॉक्टरची होती. म्हाताऱ्यानं ती किती जपली होती ते मी बॉनेट उघडलं तेव्हाच ओळखलं, एक नटसुद्धा गोल झालेला नव्हता. नजर गेली म्हणून त्यानं विकली. पुढं तिचं काय झालं ते त्याला बघावं लागलं नाही, हे एक बरं झालं.

मालकानं महिन्याभरात त्या गाडीचं वाटोळं केलं. कारखान्याच्या वर्कशॉपात चॅनेल लोखंडाचा गार्ड करून पुढं बसवला, दोन माणसांना उचलणार नाही असला. मागं सामानाचा कॅरियर, तोही लोखंडी. ट्रकचा भोंगा आणि त्याची हवेची टाकी. बॉनेटवर पितळेचा उभा घोडा. मला विचाराल तर नवरीच्या डोक्यावर जातं ठेवावं तशी ती गाडी दिसायला लागली.

त्या चैत्रात आम्ही जत्रेला गेलो होतो, मुलीच्या बापानंच बोलावलेलं म्हणून. बैलांच्या शर्यतीचं बक्षीस द्यायला पाहुणा कोण, तर आमचा मालक, गाडी घेऊन. मुलीच्या बापाची जोडी पहिली आली. मालकानं ढाल दिली, हार घातला आणि गप बसायचं ते सोडून म्हणाला, "पळाली म्हंजे लय काय पळाली न्हाई. जाग्यावरनं सोडा माझ्या गाडीबरोबर, मग कळंल." मुलीचा बाप शांतपणे म्हणाला, "सोडा की मालक. दोनशे पावलं."

दोन्ही शेजारी उभी केली. मालकानं रेषेवरच अॅक्सिलरेटर दाबून इंजिनाचा असा काही गोंगाट केला की बैलांचे डोळे पांढरे झाले. झेंडा पडला. बैलं भ्यायली होती, ती जीव घेऊन सुटली. गाडीची मागची चाकं जागच्या जागी गरगरली, भुसभुशीत रानात वीतभर रुतली, आणि मालक स्वतःच्याच धुरळ्यात दिसेनासा झाला. तो बाहेर येईपर्यंत बैलं पलीकडं पोचली होती आणि मुलीचा बाप ओल्या फडक्यानं त्यांची तोंडं पुसत होता. सगळी जत्रा हसली. कुणीतरी ओरडलं, "मालक, वैरण घालून आनलीया का न्हाई?" मीही हसलो, पोट धरून हसलो. दादा तेवढा हसला नाही. त्याला त्याच कारखान्यात परत जायचं होतं.

मालक म्हणाला रान वाईट होतं, पेट्रोलात रॉकेल होतं आणि डॉक्टरनं फसवलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आठ दिवसांनी तो गॅरेजवर आला. मागं ते चारपाच जण होतेच. म्हणाला, "फौजी, हिला जाग्यावरचा पिकअप पायजे. पुडच्या जत्रंला त्याच बैलांबरोबर लावनार. नाक कापलंय माजं." नाक होतं हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "करतो मालक. मजुरी नगं. माज्या थोरल्याला कायम करा. सात सीझन झाल्यात गव्हानीवर."

"हात्तिच्या! बैलं मागं पडली की तुमच्या घरात कायमची आर्डर आली म्हन."

मागचा एक जण म्हणाला, "मालक म्हनलं म्हंजे आलीच." आयजीच्या जिवावर बायजी उदार. कारखाना हजारो शेतकऱ्यांचा आणि त्यातली नोकरी हा बाबा शर्यतीवर लावत होता. पण माझं काम होत होतं. मी हात जोडले.

दादाला सांगितलं तर तो घाबरला. "आरं पन ती त्यांचीच बैलं. हारवली तर पोरगी कशी देतील?"

"त्यांनी काय मागितलंय? कायम मागितलंय. तुला पोरगी पायजे का त्यांच्या बैलांची इज्जत?"

खाली बघून तो म्हणाला, "पोरगी." कान लाल झाले होते त्याचे. मला त्याची दया आली आणि मी मनात म्हटलं, ह्याचं लग्न मी करणार. कारखाना बंद होता, तर तो सगळा उन्हाळा गॅरेजवर येऊन बसला. नट धुवायचा, पाने हातात द्यायचा, आणि संध्याकाळी एकच विचारायचा, "पळंल न्हवं?"

एकदा मालक आला तोच कपाळाला हात लावून. "फौजी, सापडलं. फ्लायव्हील. फ्लायव्हील जड करून टाक."

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागं फिरणारं बिडाचं चाक. आता आमच्या भागात इंजिन म्हणजे काय, तर विहिरीवरचं, नाहीतर गुऱ्हाळातलं. चरकात जाड ऊस आला तरी इंजिन दबू नये म्हणून त्याचं चाक मणामणाचं असतं. त्यामुळं चाक जड तर इंजिन दमदार, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ. गुऱ्हाळापुरतं ते खरंच आहे. पण जागेवरनं उसळी मारायची गाडी वेगळी. तिच्या इंजिनाला आधी स्वतःचं चाक फिरवावं लागतं, मग गाडी. मी मालकाला समजावलं, की पळायचं असेल तर डोक्यावरचं ओझं उतरवावं लागतं, आणखी चढवायचं नसतं. तो हसला. मग ते चारपाच हसले.

"मिल्ट्रीत काय करत हुतास रं, ट्रक पुसत हुतास? आमच्या गुऱ्हाळाचं यंजान बगून ये जा. हत्ती वडंल."

हत्ती ओढायचा नव्हता, बैलांच्या पुढं जायचं होतं. पण असल्या माणसाशी काय बोलायचं? गाढवाला गुळाची चव काय. आणि गुळाचं गुऱ्हाळ बापाचं असलं तरी गाढव ते गाढवच. सैन्यात मी एक शिकलो होतो. मूर्ख साहेबाला नाही म्हणायचं नसतं. जी साहेब म्हणायचं आणि काम आपल्याला कळतं तसं करायचं. मी म्हणालो, "व्हय मालक, जड करतो."

गिअरबॉक्स उतरवून चाक काढलं आणि ते घेऊन सांगलीला गेलो. तिथं एक म्हातारे लेथवाले होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांना सांगितलं, मागच्या कडेचं मटेरियल कमी करा, क्लच टेकतो ती पुढची बाजू आहे तशी राहू द्या, आणि कुणी विचारलं तर वजन वाढवलंय म्हणून सांगा. चाचांनी चष्म्यावरनं बघितलं. "बड़े लोगां की गाड़ी है क्या?" म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. त्यांचाही जन्म असल्या लोकांचीच कामं करण्यात गेला होता.

मालक बघायला आला. किती वाढलं म्हणाला. मी म्हटलं, चार किलो. चाक बाकावर पडलेलं होतं, एकदा दोन हातांनी उचललं असतं तर कळलं असतं. पण तो कशाला उचलतोय? जन्मात स्वतःचा तांब्या उचलला नव्हता त्यानं. नखानं टिचकी मारून बघितली आणि मागच्यांना म्हणाला, "बगा, आवाजच येगळा हाय." मागच्यांनाही आवाज वेगळा आला.

गार्ड काढायला तो तयार होईना. इज्जतीचा प्रश्न. मी सांगितलं, मुंबईत शर्यतीच्या गाड्यांना गार्ड लावत नाहीत. मुंबई म्हटलं की तो सगळं ऐकायचा. गार्ड गेला, कॅरियर गेला, भोंगा आणि टाकी गेली, मागचं जादा चाक उतरवलं. दादानं एकेक लोखंड उचलून शेडमागं टाकलं आणि मोजल्यासारखं म्हणाला, "दोन मानसं उतरली गाडीतनं." अक्कल कुठं होती ते बघा, गव्हाणीवर. मागची टायरं बदलून खोल नक्षीची घातली आणि त्यातली हवा कमी केली, म्हणजे रानात पकड येईल. कार्बोरेटर डॉक्टरनं लावून ठेवला होता तसा परत लावला. त्या चौघापाचांनीही आपापली अक्कल चालवून घेतली. एकानं पेट्रोलच्या टाकीत डांबरगोळ्या टाकायला आणल्या. दुसऱ्यानं डिस्टिलरीतनं स्पिरिटचा डबा आणला, गाडीला पाजायला. डबा गॅरेजवर पोचला तेव्हा निम्मा होता आणि आणणारा गाणं म्हणत होता.

राहिला मालकाचा पाय. खरी गोम तिथं होती. कारखान्याच्या गाडीतळावर मी त्याला दुपारी दुपारी सराव द्यायचो. क्लच सावकाश सोडा, पाय हळू दाबा, चाक गरगरलं की गाडी मेली. तो म्हणायचा, "आसं बायकांगत?" आणि दणकन पाय तळाला. धुरळा, गोंगाट, आणि गाडी जिथल्या तिथं. पंधरा दिवस झाले तरी तेच. एस.टी.चा क्लीनर दोन दिवसांत शिकला असता. दादा लांब उभा राहून बघायचा आणि त्याचं तोंड उतरत जायचं.

शेवटी मी बाभळीच्या लाकडाचा दोन बोटं जाड ठोकळा तासला आणि अॅक्सिलरेटरच्या खाली, पायपुसण्याच्या आत बसवून टाकला. आता मालकानं कितीही जोरात दाबलं तरी पाय निम्म्यातच टेकायचा. भुसभुशीत रानात, दोनशे पावलांत, निम्मं लय झालं. आणि दुसरा फायदा, रेषेवर गोंगाट होणार नव्हता. गेल्या वर्षी बैलं त्याच्याच गोंगाटाला भिऊन उधळली होती, म्हणजे त्यांना पिकअप यानंच दिला होता. ठोकळा बसवला त्या दिवशी गाडी पहिल्यांदा जागेवरनं अशी सुटली की दादा लांबनं धावत आला. मालक उतरून म्हणाला, "बगितलं? चाक जड केल्याचा गुन." मी म्हणालो, "व्हय मालक."

सांगतो ते खोटं नाही. त्या गाडीचा पिकअप निम्मा मी लोखंड उतरवून वाढवला आणि निम्मा मालकाचा पाय तोडून.

चैत्र आला. जत्रेला दादा इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. मुलीच्या बापाशेजारी उभं राहावं की गाडीशेजारी, हे त्याला कळेना, म्हणून मधेच उभा राहिला, उन्हात. मुलगी बायकांच्या घोळक्यात लांब कुठंतरी होती. गाडी रेषेवर आणली. मुलीचा बाप स्वतः बैलांची वेसण धरून उभा होता. मालकानं सवयीप्रमाणं पाय दाबला, इंजिन नुसतं गुरगुरलं. बैलांनी कान हलवले, बस. झेंडा पडला तशी दोन्ही बरोबर सुटली. वीस पावलं बैलं हातभर पुढं होती. मग गाडीनं पकड घेतली, धुरळा न उडवता सरळ पुढं गेली आणि दीड गाडी राखून रेषा ओलांडली.

मालकाला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. तो वरनंच सगळ्यांना फ्लायव्हीलची गोष्ट सांगत होता. कितीतरी शहाणी माणसं माना डोलवत होती. त्या वर्षी आमच्या भागात तिघांनी आपापल्या गाडीचं चाक जड करून घेतलं, त्यातल्या दोघांचे अॅक्सल तुटले आणि ते माझ्याकडंच आले.

मुलीचा बाप बैलांना थापटत उभा होता. मी गेलो तेव्हा त्यानं वर बघितलं. "गाडी तू केलीस व्हय रं?" मी हो म्हणालो. त्यानं मला पायापासनं डोक्यापर्यंत बघितलं, बाजारात जनावर बघतात तसं, आणि परत बैलांकडं वळला.

नवव्या दिवशी दादा कामावरनं आला. कारखान्याच्या टाइम ऑफिसातनं त्याच्याकडं पाकीट दिलं होतं, घरचाच माणूस म्हणून. त्यानं ते भाकरीच्या फडक्यात बांधून आणलेलं, घामानं भिजू नये म्हणून. फोडलेलं नव्हतं. माझ्यापुढं धरून म्हणाला, "वरती तुजं नाव हाय. चुकून पडलं आसंल."

चुकून नव्हतं. वर्कशॉप मेकॅनिक, कायम, आणि आत सगळीकडं माझंच नाव.

मी तसाच कारखान्याच्या गेस्टहाउसवर गेलो. मालक पान खात बसला होता. मी म्हणालो, "मालक, थोरल्याचं ठरलं हुतं."

"गव्हानीवर ऊस वडायला मानसं लय मिळत्यात. गाडीला तू पायजेस. येकच जागा सुटलीया."

"शब्द दिला हुता तुमी."

"तुमच्या घरात आर्डर यील म्हनलो हुतो. आली का न्हाई?" त्यानं हात पुढं केला. "नगं आसंल तर दे कागद हिकडं. घेनारं भायेर हुबं हायती."

तीन अंगठ्यांचा हात माझ्यापुढं होता. वर्षभर मी ह्या माणसाला मनात गाढव म्हणत होतो, त्याला फसवून चाक हलकं केलं म्हणून स्वतःवर खूश होतो, त्याच्या मागच्या चौघापाचांची मला किळस यायची. आणि कागद माझ्या हातात होता. कायम. गुडघा पावसाळ्यात दुखायचा, गॅरेजवर महिन्यात दहा दिवस गिऱ्हाईक नसायचं. मी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. "उद्यापासनं येतो," म्हणालो. घरी येताना स्वतःला सांगितलं, आधी आपण आत शिरू, मग दादाला ओढून घेऊ. असं सगळेच म्हणतात.

दादा म्हणाला, "बरं केलंस. परत दिलं आसतंस तर माजंबी काम गेलं आसतं." तो खरंच तसं मानत होता की माझी लाज झाकत होता, हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

पंधरा दिवसांत मुलीचा बाप आला. घोंगड्यावर बसला, चहा घेतला आणि आईला म्हणाला, "कोन झालं कायम?" आईनं माझ्याकडं बघितलं.

"मग ठरलं. कायमला पोरगी देतो म्हनलो हुतो, देतो."

"आवं, पन बोलनं थोरल्यासाठी झालं हुतं."

"बोलनं झालं हुतं. सुपारी कुठं फुटली हुती? आनि माज्या बैलांना मागं टाकनारा जावई मिळतोय, मी कशाला सोडू?" पोरीला विचारलं का, असं आईनं विचारलं. तो हसला. बैलांना विचारतात का, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला.

दादा उंबऱ्याजवळ दोरीला पीळ घालत बसला होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं वर न बघता सांगितलं, "करून टाक. पोरगी चांगली हाय." आणि उठून जनावरांना पाणी दाखवायला गेला.

तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द होता. पण मुलगी मलाही पहिल्या दिवशीच आवडली होती, चहाचा कप हातात देताना. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मी गप्प बसलो आणि त्या माणसानं माझं गप्प बसणं होकार म्हणून धरलं. त्यानं बरोबरच धरलं.

लग्नाला मालक गाडी घेऊन आला आणि वरात त्याच गाडीतनं काढली. पुढल्या वर्षी त्याचा तिच्यावरचा जीव उडाला आणि ती गेस्टहाउसच्या मागं गवतात पडून सडली. ज्या गाडीसाठी मला ठेवलं ती गेली, मी मात्र वर्कशॉपात निवृत्त होईपर्यंत राहिलो. दादासाठी दोनदा शब्द टाकला, तिसऱ्यांदा टाकला नाही. तो हाताला झेपेपर्यंत सीझनवर जात राहिला. लग्न केलं नाही.

आईनं जिवंतपणीच घराचे दोन भाग करून दिले होते, मधे एक अंगण. दादाचं जेवण आमच्याकडंच असायचं. तो वारला तोपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षं, दोन्ही वेळेला अंगणात उभा राहून मलाच हाक मारायचा. मी घरात नसलो तर माझी बायको दारात ताट घेऊन उभी राहायची, आणि दादा मान खाली घालून म्हणायचा, तो आल्यावर येतो, आणि उपाशी परत जायचा.